दुर्गाबाईची वीरमाता झाली

घनसावंगीच्या शाळेतले जगन्नाथ मास्तर वीस वर्षं कविता करत होते आणि एकही छापून आली नव्हती. बेचाळीस साली मात्र नशीब उघडलं. गावातल्या दुर्गाबाईचा भुजंग पलटणीतून मलायाला गेला होता. तिकडं मोठी हार झाली आणि भुजंग बेपत्ता असल्याचा सरकारी कागद आला. पुढं सात-आठ महिने खबर नाही. गावानं त्याला मेलेला धरला आणि मास्तरांनी एका बैठकीत 'वीरमाता' लिहून काढली.

दुर्गाबाईला तेवढं पटत नव्हतं. "सापडला न्हाई म्हंजी मेला का?" ती म्हणायची. "माझी शेळीबी दोन-दोन दिवस सापडत न्हाई."

कवितेतला पोर छातीवर सतरा घाव झेलून पडतो आणि कुळाचं नाव राखतो. निघताना आई त्याला बजावते:

पाठीवरचा घाव घेउनी येशिल जर दारी,
कडी लाविते आइ तुझी मी, जा रे माघारी!

भुजंग निघाला तेव्हा मास्तर स्वतः मोटारीपाशी उभे होते. खरं तर दुर्गाबाई म्हणाली होती, "म्होरं म्होरं करू नको, बाबा. मागच्या रांगंत ऱ्हाय." पण हे वृत्तात बसेना.

कविता पुण्याच्या एका मासिकात आली. जालन्याचे शरदचंद्र वकील रसग्रहणासाठी नावाजलेले. त्यांनी कळवलं, की वीरमातेच्या समोरच ही कविता उलगडून दाखवीन. त्या काळात चार माणसं जमवायलाही सरकारची परवानगी लागे. कविता लढाईच्या बाजूची म्हणून ती लगेच मिळाली. वर बंदोबस्ताला तहसीलचा एक कारकूनही मिळाला.

सभेच्या आदल्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. दुर्गाबाईला वाचता येत नसे, म्हणून भुजंगची पत्रं मास्तरांकडेच येत. पलटणीत शिकलेल्या उर्दूत चारच ओळी होत्या. मी कैदेत आहे. अंगावर कुठंही जखम नाही. भटारखान्यात काम देतात. आईला सांगा.

मास्तरांना आधी आनंदच झाला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग त्यांना सतरा घाव आठवले. वकील निघाले असतील, मांडव घातलाय, नारळ आलाय. इतके महिने गेले, तिथं एका दिवसानं काय बिघडतंय? उद्या सभा झाली की लगेच सांगू. त्यांनी कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई खांद्यावर शाल घेऊन खुर्चीच्या कडेला बसली. वकील रंगात आले होते.

"इथं 'कडी' म्हणजे नुसती दाराची कडी नव्हे! ही कर्तव्याची कडी. पुत्र मेला तर एक घर रडेल, पण पळून आला तर सात पिढ्या मान खाली घालतील. म्हणून ही माता पुत्रापुढं दार लावते!"

"वकीलसाहेब," दुर्गाबाई मध्येच बोलली, "त्या बाईचा पोरगा दारात उभा हाय का?"

"समजा, आहे."

"जित्ता?"

"जिवंत. पण कलंकित!"

"मंग त्याला भाकर कोन देऊन राह्यलं?"

मांडवात हशा पिकला. वकीलही हसले. दुर्गाबाई मात्र उत्तराची वाट बघत मास्तरांकडे पाहत होती, कारण कविता त्यांची होती. मास्तर उठले. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

"मावशी, भुजंग जिवंत आहे. धडधाकट आहे. कैदेत स्वयंपाक करतोय."

तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, कपाळाला लावलं. मग विचारलं, "कवा आलं?"

खोटं बोलता आलं असतं. "काल," मास्तर म्हणाले.

"काल? आन् कालपासून मला मेल्याची माय ठिवलं तुमी?"

मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दुर्गाबाईला ते बघायचीही सवड नव्हती. शाल खुर्चीवर टाकून ती कार्ड नाचवत वेशीकडं पळत सुटली, आणि सभा तिच्यामागं. मांडवात वकील, मास्तर आणि तो कारकून एवढेच उरले. कारकुनाची ड्यूटी होती.

"वास्तव वेगळं, काव्यसत्य वेगळं," वकील घसा खाकरून म्हणाले. "आता चौथं कडवं घेऊ." आणि त्यांनी ते खरोखरच घेतलं.

भुजंग सेहेचाळीस साली परतला, वाळून काटकी झालेला. एक दिवस तो शाळेत आला. "मास्तर, कविता केली म्हनं तुमी. वाचा की जरा."

मास्तरांनी मान वर न करता सगळी वाचली. कडी वाचली, सतरा घाव वाचले. संपल्यावर पाहिलं, तर भुजंग उपरण्यानं डोळे पुसत होता.

"लई चांगला व्हता बिचारा," तो म्हणाला. "कोन्त्या गावचा?"

मास्तरांनी वही मिटली. "लांबचा होता," ते म्हणाले.