भाऊबीजेला आलेलं मशीन

माझ्या रुखवतात शेवया होत्या, लाडू होते, लोकरीच्या बाहुल्या होत्या आणि मधोमध गेम खेळायचं एक जुनं प्लेस्टेशन होतं. ते मांडलं विनेशनं, माझ्या धाकट्या भावानं. माझ्या सासरच्या, करंजा गावच्या बायका वाकून बघायच्या आणि टीव्हीचा डबा असेल म्हणून पुढं सरकायच्या. मला त्या दिवशी विनेशचा इतका अभिमान वाटला की विचारू नका. लहानपणापासून आम्ही त्या मशीनवरून एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या, आणि लग्नात त्यानं ते मला देऊन टाकलं. स्वतःसाठी तस्संच दुसरं घेतलं. तो श्रीवर्धनला, मी इकडे, पण ऑनलाइन एकत्र खेळता यावं म्हणून.

माझा नवरा, प्रज्योत, बोट घेऊन गेला की आठ-दहा दिवस समुद्रावर. घरात मी आणि सासूबाई. सकाळ बोंबील वाळत घालण्यात जायची. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी हेडफोन लावायचे. विनेशचं मोबाइलचं दुकान तेव्हा जेवणासाठी बंद असायचं. आम्ही गाड्यांच्या शर्यती खेळायचो. बहुतेक वेळा मीच जिंकायचे आणि तो नेटला नावं ठेवायचा.

खरं तर शर्यतीचं मला काही पडलेलं नव्हतं. आम्हा दोघांना फोनवर बोलता येत नाही. जेवलीस का, जेवलास का, पाऊस आहे का, की संपलं. हात गाडीत गुंतले की मात्र तोंड मोकळं होतं. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले होते. मागच्या वर्षी आई गेली तेव्हा विनेश कुणासमोर रडला नाही. मग एका दुपारी, भर वळणावर, तो म्हणाला की आईचा नंबर अजून फोनमधून काढवत नाही. दोघांच्या गाड्या कठड्याला आदळून उभ्या राहिल्या आणि मागचे सगळे पुढं निघून गेले. माझं माहेर म्हणजे ती दुपारची वेळ होती.

गणपती झाले आणि विनेश म्हणाला, मशीन बदलायचंय. दुकानदारच तो, नवं प्लेस्टेशन की एक्सबॉक्स, दोन्हींची तुलना त्यानं माझ्यापुढं मांडली. एक्सबॉक्सला महिन्याचे पैसे भरले की ढीगभर गेम मिळतात. अर्धवट सोडलेला गेम सोडला तिथूनच सुरू होतो. प्लेस्टेशनचे स्वतःचे गेम भारी, पण ते एकेक विकत घ्यायचे. शिवाय त्याच्या मित्रांनी एक्सबॉक्सच घेतलेलं, म्हणजे संध्याकाळी सगळी टोळी एकत्र. चित्र कुणाचं स्वच्छ, पंख्याचा आवाज कुणाचा कमी, हातात कंट्रोलर कुणाचा बरा बसतो, सगळं त्यानं मला विचारलं. यातलं मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं आणि ते त्याला मान्य आहे.

मी वाट बघत होते. आता विचारेल, मग विचारेल, की ताय, आपण दोघांनी कसं खेळायचं? आमच्या त्या जुन्या गेममध्ये प्लेस्टेशनवरचा माणूस एक्सबॉक्सवरच्याला भेटत नाही. हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या लक्षातच आलं नाही, एवढंच. आणि मी एक्सबॉक्स मागावं तर कुणाकडे? रुखवतातल्या पहिल्या मशीनवरचे टोमणेच अजून संपलेले नव्हते.

"मंग सांग ना ताय, कुठला घेऊ?"

माझ्या डोक्यात सणक गेली. आठवण करून देऊन मिळालेली दुपार मला नको होती.

"तुला एक्सबॉक्सच बरा हाय," मी म्हटलं. त्याच्या दृष्टीनं ते खरंही होतं.

नंतरच्या दुपारी मी अनोळखी लोकांबरोबर खेळले. ते कुठल्या कुठल्या भाषेत शिव्या द्यायचे, मी आपल्या भाषेत परत करायचे. त्यातही जीव रमेना. विनेशचा फोन यायचा. जेवलीस का?

भाऊबीजेला तो रेवसच्या तरीनं खाडी ओलांडून आला, मांडीवर खोका घेऊन. मी ओवाळलं. त्यानं खोका माझ्यापुढं सरकवला. आत त्याचं प्लेस्टेशन होतं, पुसून लख्ख केलेलं, वायरी नीट गुंडाळलेल्या.

"गिऱ्हाईक व्हतं, पन इकला न्हाय मी. म्हटलं, तायलाच देऊ. आता तुज्याकडं दोन झाले."

इतका खूष होता की मला हसावंच लागलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं, त्याच्या आवडीची कोलंबी वाढली, आणि तो गेल्यावर मोरीत जाऊन रडले. दोन मशीन घेऊन मी काय करू? मला पलीकडे तो हवा होता.

प्रज्योत पुन्हा समुद्रावर गेला. खाऱ्या हवेत वस्तू पडून खराब होते, एकदा लावून तरी बघ, म्हणून सासूबाई मागं लागल्या. मी विनेशचं मशीन त्यांच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीला जोडलं. वायफायचा पासवर्ड टाकला. त्याचं खातं त्यानं त्यातून काढलंच नव्हतं, ते आपोआप उघडलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत चालू ठेवलेलं माझं मशीन वाजलं. मी बाहेर आले. पडद्याच्या कोपऱ्यात विनेशचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, विनेश ऑनलाइन आला आहे.

पासवर्ड मीच टाकला होता, विनेश तिकडे श्रीवर्धनला दुकानात होता, आतल्या खोलीत टीव्हीपुढं कुणीही नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. तरी मी धावत जाऊन हेडफोन कानाला लावला.

"बोल रे," मी म्हटलं.