माझ्या बोगद्यात घुसलेला गज

"सर, कुस्तीत छातीवर डोकं आदळलं, तर अटॅक येतो का?"

नववीतल्या वेदिकाने शेवटी विचारलंच. "हिंमत असेल तर विचार डॉक्टरांना," असं डिवचून दवाखान्यात सोबत आलेल्या मैत्रिणींनी तिला पुढे ढकललं होतं.

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे, नाशिकच्या एका दवाखान्यातल्या एमआरआय मशीनच्या पोटातला. परदेशात घडलो, बोटीने आलो, भिंत पाडून मला आत घेतलं. गुडघे आणि मणके बघण्यात वर्षं गेली. माझ्या खडखडाटाला सगळ्यांनी नावं ठेवली. कौतुक झालं ते २००९ मधल्या त्या एका दुपारी.

वेदिकाचा भाऊ सार्थक ओझरचा पैलवान. जत्रेत लखनशी कुस्ती झाली, त्यात लखनचं डोकं सार्थकच्या छातीवर आदळलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या छातीत कळ आली. रक्त, ईसीजी, सगळं अटॅकसारखं; पण हृदयाच्या नळ्या मोकळ्या. म्हणून त्याला माझ्याकडे आणलं. फोटो काढून त्याला वॉर्डात नेलं आणि बाहेर दंगा उसळला. लखन विचारपूस करायला आला होता. तालमीच्या पोरांनी त्याला जिन्यातच गाठलं.

"आमचा गडी मारतो व्हय रे?"

त्याचे दात पडले, कान फाटला. रक्ताने माखलेला लखन माझ्याच खोलीत शिरला. मागे तालमीतलाच यादव, हातात लोखंडी गज.

"लोखंड आत नको रे बाबा," टेक्निशियन मैनाताई कळवळल्या.

यादवने लखनच्या डोक्यावर गज उगारला आणि मी तो ओढला. यादवची बोटं मोडून गज सुटला, पेशंटला झोपवतात त्या माझ्या रिकाम्या बोगद्यात घुसला. माझा जबडाच फुटला. सगळे जागच्या जागी थिजले. तेव्हा वेदिकाने तो प्रश्न विचारला.

शेजारी सार्थकचे फोटो तपासत असलेल्या डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "अटॅकचा डाग हृदयाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने सुरू होतो. हा बघ, बाहेरच्या बाजूला आहे. ही सूज आहे. तापाच्या विषाणूने येते. सहा महिने आखाडा बंद. त्याला ताप होता का?"

होता. आठवडाभर. कुस्ती चुकू नये म्हणून कुणाला सांगायचं नाही, अशी सार्थकने वेदिकाला शपथ घातली होती, आणि गोळ्या वेदिकानेच चोरून दिल्या होत्या.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवं मशीन येतंय. जाता जाता एवढंच मागतो: अंगातला ताप लपवू नका, अन् माझ्या भाऊबंदांजवळ लोखंड नेऊ नका. दोन्ही जिवावर बेततं.

तर त्या दुपारी, डॉक्टरांचं बोलणं संपतं तोच वेदिकाचे आईवडील धावत आले. सगळं ऐकल्यावर आई कुजबुजली, "तापाचं कुठं बोलू नको, बाई. लखनचा दोष नव्हता हे कळलं तर यादव अडकंल, अन् तो आपल्याच तालमीचा पोरगा हाय."

वेदिकाने लखनच्या कानाला ओढणी दाबून धरली होती. ती तशीच म्हणाली, "आई, आप्पा, मी पोलिसांना सगळं सांगणार. गज कुणी उचलला तेही, आणि ताप कुणी लपवला तेही."