टाळीच्या जागी

तिसरीच्या सगळ्या मुलांनी साताचा पाढा लिहिताना एकच आकडा गाळला होता. सात पंचे पस्तीस होते, सात साते एकोणपन्नास होते. मधल्या सात सकपुढे बहुतेकांचं काहीच नव्हतं. दोघा कष्टाळू मुलांनी तिथे ‘टाळी’ असं लिहिलं होतं. एकीने दोन तळवे काढले होते आणि रंग रेषेबाहेर जाऊ दिला नव्हता.

मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवून बाईंना बसायला सांगितलं. लहानपणी ते बाईंच्याच वर्गात होते. एका जागी टिकत नसत म्हणून सगळे त्यांना भोवरा म्हणत. आता ते खुर्चीत बसत, फक्त टेबलाखाली पाय हलत राही. खोलीचं दार उघडं असलं की बाई त्यांना ‘सर, तुम्ही’ म्हणत. बंद असलं की ‘अरे’. आज दार उघडं होतं.

त्यांचं म्हणणं, ही सरळ कॉपी आहे. बाईंचं म्हणणं, कॉपी करणारा चुकीचं का होईना, काहीतरी उतरवतो; कोरी जागा कोण कशाला चोरेल? मग त्यांनी खरं ते सांगून टाकलं. नाचत म्हणण्यासाठी पाढ्याला चाल लावताना ‘बेचाळीस’ काही केल्या तालात मावेना, म्हणून तिथे तात्पुरती टाळी ठेवली होती. सहामाही आली तरी ती तात्पुरतीच होती.

मुख्याध्यापकांनी पालकांची कुरकुर सांगितली. मुलं जेवता जेवता उठून पाढे नाचतात, ताटं तशीच राहतात.

“बाई, मुलांना पाढा येतो की नुसतं गाणं येतं, एवढंच बघायचंय,” ते म्हणाले. “नुसतं गाणं असेल, तर उद्यापासून बाकावर बसून पाढे. नाच, फरशीवरचे रंग, सगळं बंद.”

बाकावर बसवून शिकवण्यात बाईंची कितीतरी वर्षं गेली होती. पाढा तोंडात आणि डोळे खिडकीबाहेर. पुन्हा तिकडे वळणं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

दोघं वर्गात गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, “सात सक?”

वर्गाने टाळी वाजवली. सगळ्यांची एकदम पडली. मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

मग मुख्याध्यापकांनी तळवे काढणाऱ्या मुलीला उभं केलं आणि टाळीच्या जागी काय असतं ते विचारलं. तिने विचार केला आणि पट्टीवर जाऊ का म्हणाली. वर्गाच्या फरशीवर मुलांनी चौकोनांची पट्टी रंगवली होती, सात पिवळे, सात निळे, असे रंग बदलत गेलेले. परीक्षा सभागृहात झाली होती. तिथली फरशी कोरी होती. मुलगी पाचव्या रंगाच्या शेवटच्या चौकोनावर जाऊन उभी राहिली, पस्तीस म्हणाली आणि मोजत मोजत पुढच्या रंगावरून उड्या मारत गेली. रंग संपला तिथे थांबली.

“बेचाळीस.” मग तिने बाईंकडे वळून तक्रार केली, “बाई, टाळीच्या जागी तर आकडा आहे.”

“आहे खरा,” बाई म्हणाल्या. “गाण्यात मावत नव्हता.”

मुख्याध्यापकांचा पाय मघापासून फरशीवर पडत होता. “मावतो की,” ते म्हणाले. “‘बेचा’ घाईने म्हणायचं आणि ‘ळीस’ लांबवायचं.”

वर्गाने म्हणून पाहिलं. मावला. बाईंना आनंद झाला आणि थोडा रागही आला.

खोलीत परतल्यावर मुख्याध्यापकांनी निर्णय सांगितला. नाच चालू राहील, रंगही राहतील. मात्र आठाचं गाणं वर्गात नेण्याआधी त्यांना दाखवायचं.

“गाऊन की नाचून, सर?” बाईंनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी उठून दार लावून घेतलं.

“हं,” बाई म्हणाल्या. “आता नीट उभा राहा रे. आधी उजवा पाय.”