शून्यावर आलेला काटा

मास्तरांना दोन गोष्टींचा अभिमान होता: आपली आकडेमोड चुकत नाही आणि आपण कुणावर रुसत नाही. दोन्हींचं पितळ एकाच रविवारी उघडं पडलं.

दर रविवारी सकाळी ते हौशी रेडिओवरून परमुलखातल्या थोरल्या भावाशी बोलत. गेले दोन रविवार दादाचा आवाजच नव्हता. त्याआधी वडिलांच्या घड्याळावरून दोघांची चांगली जुंपली होती, त्यामुळे दादा रुसला असेल, असं मास्तरांच्या मनात आलं. पण माणूस शास्त्राचा. दोष आधी यंत्रात शोधायचा.

रेडिओचं आणि अँटेनाचं जमवून देणारी पेटी म्हणजे ट्यूनर. स्थळं जुळवणारी आत्याबाईच म्हणा. मास्तरांनी तिची बटणं फिरवून अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचा काटा शून्यावर आणला, म्हणजे जमलं. मग बटणं कुठं थांबली त्यावरून उलटं गणित मांडून अँटेनाचा अवरोध, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, काढलं. उत्तर पुस्तकातल्यासारखं येईना, तेव्हा जास्तीचं उरलं ते त्यांनी केबलच्या माथी मारलं. आता उत्तर देखणं आलं.

“अँटेना ठणठणीत आहे,” त्यांनी बायकोला सांगितलं. “दादाच रुसलाय.”

“मग फोन करा की.”

“मी का म्हणून? थोरला तो आहे.”

“बरं. पण अहो, तुमची अँटेनाची तार रंगाऱ्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच सोडलीय ना? भिंत रंगवताना मध्ये येत होती म्हणे. गच्चीत वेटोळं पडलंय.”

मास्तर गच्चीवर धावले. खरंच होतं. स्थळ घरात नसतानाच आत्याबाईंनी लग्न जुळवून टाकलं होतं, आणि मास्तरांनी नवऱ्या मुलाची उंचीसुद्धा मोजली होती!

तार जोडल्यावर काटा भलतीकडेच गेला. बटणांनी घाम काढला. शेवटी बटणं जिथं थांबली तिथलं गणित मास्तरांनी केलंच नाही, हाक मारली.

“आलास?” खरखरीतून दादा म्हणाला. “गेला का राग? ओव्हर.”

“मला कसला राग? तार निघाली होती. तू फोन का नाही केलास? ओव्हर.”

“ट्यूनरवरून गणित केलं. माझी अँटेना ठणठणीत निघाली. म्हटलं, धाकटाच रुसलाय. ओव्हर.”

दादाचं गणित बरोबर आलं होतं, हे मास्तरांना फार लागलं. त्यांनी विषय बदलला.

“वहिनी कशी आहे? ओव्हर.”