डावीकडे वळणारी माणसं

आईच्या डोळ्यांत औषध घालून सिस्टर म्हणाली, "आता धूसर दिसेल हं आजी, अर्धा तास उठू नका," तेव्हा पावणेअकरा वाजले होते. भाऊनं आईला तिसऱ्या मजल्यावर, नेत्रविभागाबाहेरच्या खुर्चीत नीट टेकवून बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. सातव्या मजल्यावर हॉस्पिटलचे विश्वस्त त्याची वाट बघत होते.

"इथंच बस. दहा मिनिटांत आलो."

"जा रे. मी काय पळून जातेय?"

भाऊ घरातला थोरला. घरच्यांनी पाडलेलं हे नाव पुढं ऑफिसातही चिकटलं आणि पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. हे सात मजली हॉस्पिटल त्यानंच आखलं होतं. उघडून सहा महिने झाले होते, तेवढ्यात एक पुरस्कारही मिळाला होता. पांढऱ्याशुभ्र भिंती, कुठं पाटी नाही, रंग नाही, नजर कुठंही अडत नाही. आता शेजारच्या जागेवर लहान मुलांसाठी नवी इमारत व्हायची होती. ती आपल्याकडेच येणार, हे त्यानं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

वर गेल्या गेल्या अधीक्षकबाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"हा आराखडा बघा. दुसऱ्या एका ऑफिसनं पाठवलाय. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमनं काढलाय, आठ दिवसांत. सगळे नियम पाळून."

भाऊनं तो वरवर चाळला. आराखडा वाईट नव्हता, हीच पंचाईत होती.

"नकाशा काढणं म्हणजे आर्किटेक्चर नव्हे, मॅडम."

"मग काय, ते आम्हाला समजावून सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही त्यासाठीच बसलोय."

तो सांगत सुटला. प्रकाश, प्रमाण, कलावंताची नजर, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. तीन विश्वस्त माना डोलवत होते, पण त्यातल्या एकाचे डोळे सारखे लॅपटॉपकडे जात होते. भाऊचा आवाज चढला. बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळावर नजर गेली आणि तो वाक्य अर्धवट टाकून उठला. साडेअकरा वाजून गेले होते.

खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर पिशवी होती. पिशवीत फोन, चष्मा आणि घरून आणलेला डबा, झाकणही न उघडलेला.

आईनं सकाळी साडेसातला इन्शुलिन टोचून घेतलं होतं आणि निघायच्या घाईत नाश्ता अर्धाच केला होता. अकराच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, हे तिच्या डॉक्टरांनी शंभर वेळा बजावलं होतं. तिलाही, भाऊलाही.

"आत्ता तर इथं होत्या," सिस्टर म्हणाली. "बाथरूम विचारत होत्या. मी दाखवलं."

बाथरूममध्ये कुणी नव्हतं.

भाऊ धावत सुटला. घाबरायचं कारण नाही, असं तो स्वतःला बजावत होता. नकाशा त्याला तोंडपाठ होता: मधे चौक, भोवती चार व्हरांडे, चार कोपरे. बाई माणूस जाऊन जाऊन जाईल कुठं? एक कोपरा वळला, दुसरा वळला, तिसरा वळला. समोर पांढरी भिंत, पांढरी दारं. पुन्हा वळला. एक्स-रेची खोली लागली, आणि ती कुठल्या बाजूला काढली होती तेच त्याला आठवेना. आपण नेत्रविभागाच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे त्याला, खुद्द त्याला, कळेना.

कोपऱ्यावर सिक्युरिटीवाला उभा होता.

"म्हातारी बाई बघितली का? पांढरे केस, निळी साडी?"

"हरवल्या?" त्याला अजिबात नवल वाटलं नाही. त्यानं वॉकीटॉकीवर खालच्या गेटला कळवलं. "रोज चार-पाच जण हरवतात साहेब. गोल गोल फिरत बसतात बिचारे. हे ज्यानं बांधलं ना, त्याला एकदा तापानं फणफणताना इथं आणून सोडला पाहिजे."

भाऊ तसाच पुढच्या कोपऱ्याकडे निघाला.

"मावशींना विचारा," सिक्युरिटीवाला म्हणाला. "हरवलेली माणसं त्याच शोधतात."

मावशी म्हणजे त्या मजल्याची साफसफाई करणारी बाई, चाळिशीतली, काटक. ती फरशी पुसत होती. भाऊचं पुरतं ऐकूनही न घेता तिनं फडकं बादलीत टाकलं.

"कुठून सुटल्या? बाथरूममधून? मग डावीकडं वळल्या असणार. सगळे डावीकडंच वळतात."

"का? नेत्रविभाग तर उजवीकडं आहे."

"डावीकडं खिडकी आहे ना मोठी. डोळ्यात औषध घातलेलं माणूस उजेडाकडंच जातं." ती चालायला लागली होती. "तिथं शेवटी दार आहे. दिसायला या दारासारखंच. लोकांना वाटतं, डॉक्टरांचंच दार. ढकलून आत जातात आणि ते मागं लागून जातं. आगीचा जिना आहे तो. आतून परत उघडत नाही."

ती खिडकी भाऊनं हट्टानं तिथं घेतली होती. आणि भिंत एकसंध दिसावी म्हणून ते दार बाकीच्या दारांच्याच रंगाचं केलं होतं.

"मी कोपऱ्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या," मावशी चालता चालता सांगत होती. "बाथरूमपासून डोळ्यांपर्यंत लाल, रक्त तपासायला पिवळी. पंधरा दिवस कुणी हरवलं नाही. मग वरून पत्र आलं, भिंती खराब होतात, काढून टाका. आम्हीच नखांनी खरवडून काढल्या."

ते पत्र भाऊच्या ऑफिसातून गेलं होतं. खाली सही त्याची होती.

तिनं दार ढकललं, बादली मधे सरकवून ते उघडं ठेवलं आणि जिन्यात हाक मारली, "आज्जी!"

उत्तर नाही. भाऊनं हाक मारली, "आई!" त्याचाच आवाज सात मजले फिरून परत आला.

दोघं खाली निघाले. करड्या पायऱ्या, करड्या भिंती, कुठं एक पायरी संपते आणि दुसरी सुरू होते ते धडधाकट डोळ्यांनाही पटकन उमगत नव्हतं. पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या माराव्यात, असं ठेकेदारानं दोनदा सुचवलं होतं. भाऊनं दोनदा नाही म्हटलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या दारापाशी एक चप्पल पडली होती. आईची. भाऊ दोन-दोन पायऱ्या उतरू लागला.

पहिल्या मजल्याच्या खालच्या वळणावर आई भिंतीला पाठ लावून बसली होती. पदर घामानं ओला झाला होता. डोळे उघडे होते, पण ते भाऊवर ठरत नव्हते.

"आई, मी आलोय."

"दिवे लावा हो कुणीतरी," आई म्हणाली. जीभ जड झाली होती. "थोरला यायचाय शाळेतून."

डबा वरच राहिला होता, खुर्चीवर, पिशवीत. भाऊ उठायला लागला तसं मावशीनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"धरा त्यांना. पडू देऊ नका." तिनं कमरेच्या पिशवीतून साखरेची पुडी काढली, चहासाठी ठेवलेली, आणि दातांनी फाडली. "आज्जी, आ करा. गिळता येतंय ना? हळू. थोडी थोडी." चिमूटचिमूट साखर ती आईच्या गालाच्या आत बोटानं लावत राहिली. मग दुसरी पुडी.

भाऊ आईचं डोकं छातीशी धरून बसला. दोन मिनिटं गेली असतील, तीन गेली असतील. आयुष्यात इतका वेळ तो आपल्याच एखाद्या जिन्यात कधी बसला नव्हता.

"भाऊ?" आई म्हणाली. "कुठं होतास रे? मी किती हाका मारल्या."

मावशीनं खालच्या दारावर थापा मारल्या, तशी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं ते उघडलं, स्ट्रेचर आलं. आईला खाली तपासलं, सलाइन लावलं. तासाभरानं तिनं डबाही खाल्ला आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं, तेव्हा भाऊच्या जिवात जीव आला. मग तो मावशीला शोधायला गेला.

"मावशी, माझ्याबरोबर सातव्या मजल्यावर येता?"

"मी? कशाला? काही चुकलं का?"

"चुकलं ते माझं. ते पत्र मी पाठवलं होतं. ही बिल्डिंग माझी आहे."

मावशी रागावेल, असं त्याला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मग आधी का नाही विचारलंत?" आणि हात पुसत निघाली.

विश्वस्त जेवण उरकून पुन्हा जमले होते. भाऊनं मावशीला आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः उभा राहिला आणि झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. खिडकी, दार, पट्ट्या, पत्र. मग त्यानं लॅपटॉप ओढून घेतला.

"हा आराखडा मी मघाशी नीट बघितलाच नव्हता. हे बघा, चार कोपरे, चारही सारखे. बाथरूमच्या डावीकडे खिडकी, खिडकीपाशी जिन्याचं दार. हा प्रोग्रॅम हे कुठून शिकलाय, कळतंय ना? माझ्यासारख्यांनी काढलेल्या नकाशांवरून. आमची चूक तो आता आठ दिवसांत करणार, आणि गावोगाव करणार."

"मग तुमचं म्हणणं काय?" अधीक्षकबाईंनी विचारलं. "वापरू नये?"

"वापरा. रेघा त्यालाच मारू दे, माझं भांडण नाही. पण रेघ मारायच्या आधी या बाईंना कुणी विचारायचं? ते काम माझं होतं, मॅडम. मी केलं नाही. मला तीन महिने द्या. मी इथं हिंडतो, विचारतो, मग काय ते ठरवू."

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. तीन महिने कुणाकडेच नव्हते.

आठवड्यानं निर्णय कळला. नवी इमारत त्या दुसऱ्या ऑफिसला मिळाली. मात्र आराखडा पक्का होण्यापूर्वी मावशी, सिस्टर आणि आजारी मुलांच्या दोन आयांनी तो बघायचा, अशी अट अधीक्षकबाईंनी घातली. आणि जुनी इमारत दुरुस्त करायची परवानगी भाऊला मिळाली. ऑफिसात बातमी कळली तेव्हा त्याच्या हाताखालची मंडळी हिरमुसली. मोठं काम हातचं गेलं, आणि पदरात काय पडलं, तर पाट्या आणि पट्ट्या. भाऊलाही वाईट वाटलं नाही असं नाही. दोन रात्री त्याला झोप नव्हती. आई मात्र चक्क म्हणाली, "डोळे मी आता तिथं दाखवायची नाही. दुसरीकडं ने." त्यानं वाद घातला नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता तो मेजरिंग टेप, वही आणि ऑफिसातली सर्वांत नवी मुलगी घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झाला. मावशी मळक्या चादरींची ढकलगाडी घेऊन उभीच होती. तिनं दांडा त्याच्या हातात दिला.

"ढकला."

गाडी चांगलीच जड होती. लिफ्टच्या उंबऱ्यावरच्या धातूच्या पट्टीत पुढचं चाक अडकलं. भाऊनं जोर लावला, गाडी तिरकी झाली आणि दोन चादरी फरशीवर पडल्या. नवी मुलगी हसू दाबत होती. भाऊ खाली वाकला आणि टेप काढून पट्टीची उंची मोजू लागला.

"मापं मागनं घ्या," मावशी चादरी उचलत म्हणाली. "अशा सहा पट्ट्या आहेत. आधी सगळ्या ओलांडून बघा."

भाऊनं टेप खिशात टाकला आणि पुन्हा दांडा धरला.