खालच्या आळीचा पेला

खोदकामात नेलिदाला जुन्या गावाच्या वरच्या आळीत मातीचा पेला सापडला, अगदी अखंड. काठावर काळ्या पूमांचा रंगवलेला पट्टा. कुस्कोच्या वर्तमानपत्राने तिच्या फोटोखाली ‘डोंगराच्या राजाचा पेला’ असं छापलं. माझ्या वाट्याला आली होती खालची आळी: राख आणि लामा जनावरांची हाडं.

"सातू, जरा हस की," नेलिदा म्हणाली.

"ऊन डोळ्यांवर येतंय."

इथे एकच राजा होता, असं ती लिहिणार होती. मला ते पटत नव्हतं, आणि पटवून घ्यायचंही नव्हतं. आमच्याकडे चिचा, म्हणजे मक्याची दारू, एका पेल्याने पाजत नाहीत. पाजणारा एक पेला स्वतः पितो, दुसरा समोरच्याला देतो. पेले जोडीनेच घडतात. जोडीतला दुसरा खाली सापडला, तर सत्ता दोन आळ्यांची, बरोबरीची. आणि नेलिदाला मिळालेल्या नावात अर्धा वाटा माझा.

तो सापडला. राखेत, तुकड्यांत. मी तुकडे जुळवले, दोन्ही पेल्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. माती तीच, तिच्यात कुटून घातलेला दगडही तोच.

नेलिदाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "गेला म्हणायचा माझा राजा!"

"गेला कुठे? भाऊ मिळाला त्याला."

"म्हणजे तेव्हाही दोन आळ्या भांडतच होत्या!" खोदकामाचे मुकादम मेलितोन हसले. ते स्वतः आजच्या गावातल्या वरच्या आळीचे.

मग चित्र काढायला मी दोन्ही पेले शेजारी ठेवले. माझा बोटभर बुटका होता.

"काठ झिजला असेल गं," नेलिदा हळूच म्हणाली. तिचं हे समजूत घालणं मला फोटोपेक्षा जास्त झोंबलं. काठ झिजला नव्हता, त्यावरची झिलई शाबूत होती. पट्टाही अरुंद होता आणि त्यातले पूमा मुद्दामच लहान काढलेले. कुंभाराला नेमकं ठाऊक होतं, कोणता पेला कोणाच्या हाती जाणार. प्रमुख दोन होते. खालचा धाकटा होता.

मी दोन्ही उंच्या लिहिल्या. पेन्सिल जरा जोरात टेकली, एवढंच.

"ये, पिऊ या," नेलिदा म्हणाली. शोधनिबंधावर आता दोघींची नावं येणार होती. तिने प्लास्टिकचे दोन ग्लास घेतले, चिचा ओतली, रीतीप्रमाणे पहिला घोट जमिनीला दिला आणि एक ग्लास माझ्यापुढे धरला.

घेण्याआधी मी दोन्हींतली पातळी पाहिली.