उजवा, उजवा, डावा

आमच्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक नाहीत. शिट्टी आहे. ती माझ्या टेबलाच्या खणात सापडली, म्हणून हिंदीबरोबर खेळही माझ्याकडे आले. कपाटात एक कन्नड नियमपुस्तक होतं. तिहेरी उडीच्या पानावर पावलांचं चित्र होतं : फळीवर उजवा, मग पुन्हा उजवा, मग डावा, मग दोन्ही पाय वाळूत. म्हणजे ज्या पायाने उडाल, पहिल्यांदा त्याच पायावर उतरायचं. हे मी रक्षा वेळीप नावाच्या नववीतल्या मुलीला दाखवलं. तिने चित्र पाहिलं, चप्पल काढली आणि करून दाखवलं. माझं प्रशिक्षण तिथे संपलं.

हा नियम जगभर चालतो. आमच्या तालुक्यात शिवानंद सरांचा चालतो.

शिवानंद सर दुसऱ्या शाळेत गणित शिकवतात आणि अकरा वर्षं तालुका स्पर्धेत उड्यांचे पंच आहेत. त्यांच्या मते माणसाला दोन पाय दिलेत ते आळीपाळीने वापरायला. उजवा, डावा, उजवा. गेल्या वर्षी रक्षा उजव्यावरून उडून उजव्यावरच उतरली, तेव्हा त्यांनी तीनदा लाल झेंडा वर केला आणि लंगडी हा खेळ वेगळा असतो, तो प्राथमिक गटात आहे, असं तिला मायेने समजावलं. मी पुस्तक न्यायला विसरलो होतो. खरं सांगायचं तर आठवण होती, पण सर माझ्यापेक्षा सीनियर आहेत.

परत येताना बसमध्ये मी तिला व्यवहाराचा सल्ला दिला. पुढच्या वर्षी तालुक्यात सरांसारखं उडावं, निवड झाली की जिल्ह्याला पुस्तकासारखं. आमच्या सगळ्या स्टाफचं आयुष्य याच पद्धतीवर चाललंय, हे मी सांगितलं नाही.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर, चुकीची उडी बी शिकावीच लागंल न्हवं? तेवढ्या दिसांत मी बरोबरचीच लांब करीन."

त्या वर्षी तिची उडी आठ मीटर वीस होती, तीही मी शाळेत मोजलेली. दोष मधल्या टप्प्यात होता. पहिली उडी ती इतकी उंच मारायची की उतरल्यावर अंगात वेगच उरायचा नाही. मग दुसरी उडी म्हणजे गटार ओलांडल्यासारखी. भातकापणी झाली तसं तिने वडिलांच्या, कान्हू वेळीपांच्या, रिकाम्या शेतात तीन बांबूच्या खुंट्या ठोकल्या. दर रविवारी मधली खुंटी चार बोटं पुढे सरकायची. ती तिथवर पोचेपर्यंत पुढच्या खुंटीला हात लावायचा नाही, असा तिचाच नियम. जानेवारीत घोटा सुजला तेव्हा ती पंधरा दिवस नुसती बांधावर बसून खुंट्यांकडे बघत होती. कान्हू मला म्हणाले, "मास्तर, तीन उड्या मारून पोरगी त्याच शेतात ऱ्हातीया. त्यापरास चालत गेली तर उळवीच्या जत्रेला पोचंल." पण खुंट्या त्यांनीच तासून दिल्या होत्या.

मार्चमध्ये तिला कळलं की पहिली उडी वर नाही, पुढे मारायची. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते तिला एप्रिलमध्ये वाचून दाखवलं.

सप्टेंबरात तालुक्याच्या गावी, जोयड्याच्या मैदानावर तालुका स्पर्धा झाली. निवड एकाच मुलीची होणार होती. रक्षा दहावीत होती. हायस्कूलच्या गटातून उडायची तिची ही शेवटची संधी. या वेळी पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मात्र पिशवीची चेन बंद होती.

पहिली उडी, लाल झेंडा. नागू शिपायाने दाताळं फिरवून वाळू सारखी केली. दुसरी उडी, लाल झेंडा, दाताळं. चुकलेली उडी मोजत नाहीत. म्हणजे ती किती लांब गेली हे जगाला कळायच्या आत नागू ते पुसून टाकत होता. शिवानंद सर म्हणाले की पोरगी हट्टी आहे, पण पाय चांगले आहेत, जरा गणित हवं.

तिसऱ्या उडीला ती धावली. उजवा. उजवा. डावा. मधला टप्पा एवढा लांब होता की ती वाळूत पडली तेव्हा खड्ड्याजवळच्या मुली मागे सरकल्या. झेंडा लालच. नागू दाताळं घेऊन निघाला. रक्षा नियमाप्रमाणे पुढून बाहेर आली आणि त्याच्या आडवी उभी राहिली.

"बाबा, बुट्टी," ती म्हणाली.

कान्हू बाजारात काकड्या विकायला आले होते आणि टोपलीसकट मैदानाच्या कडेला उभे होते. ते खड्ड्यापाशी आले. काकड्या गवतावर ओतल्या, बुट्टी वाळूतल्या खुणेवर पालथी घातली, वर प्लॅस्टिक टाकलं आणि दगड ठेवला.

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आमच्याकडे रात्री गवा शेत तुडवून गेला की सकाळी पहिलं काम हेच. खुरावर बुट्टी झाकायची. फॉरेस्टचा माणूस भरपाईसाठी येऊन मोजेपर्यंत ती कुणी उचलत नाही. शेजारी भांडणातला असला तरी नाही. खूण गेली की गवा आलाच नव्हता. नागूही त्याच मुलखातला. त्याने दाताळं खांद्यावर टाकलं आणि पंचनाम्याबिगर आपण हात लावणार नाही म्हणून सांगितलं.

शिवानंद सर म्हणाले, तक्रार असेल तर लेखी द्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात पाऊस आला. माणसं मांडवात पळाली. रक्षा बुट्टीजवळ उभी राहिली, कान्हू तिच्या बाजूला. मीही पळालो, पण मांडवात पोचल्यावर चेन उघडली. मांडीवर कागद धरून अर्ज लिहिला, पुस्तकाचं पान उघडून वर ठेवलं आणि स्पर्धेच्या प्रमुख राजेश्वरी बाईंच्या हातात दोन्ही दिलं. मग मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. गारठा होता.

बाईंनी ते पान मोठ्याने वाचलं. मग चित्र वर धरून सगळ्यांना दाखवलं. शिवानंद सरांनी चष्मा लावून पावलं मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली.

"मग मागच्या अकरा वर्षांचं काय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. अकरा विजेत्या मुली त्यांच्या डोळ्यांपुढून डावा-उजवा करत जात असाव्यात. बाई म्हणाल्या, ते नंतर बघू, आधी वाळू मोजा.

पाऊस ओसरला. खड्डाभर पाणी साचून बाकीची वाळू सपाट झाली होती. नागूने दगड उचलला, प्लॅस्टिक काढलं, बुट्टी वर केली. टाचांच्या दोन खुणा जशाच्या तशा. टेप लागला. दहा मीटर बारा. त्या दिवशी दुसऱ्या कुणाचीच उडी नऊ मीटरला पोचली नव्हती.

शिवानंद सरांनी कन्नड नोंदवही उघडली. आकडा लिहिला, रक्षाचं नाव लिहिलं, शेरा लिहिला आणि सहीसाठी वही तिच्याकडे वळवली. मी खांद्यावरून वाचलं : विशेष बाब म्हणून मान्य. माझ्या मते प्रकरण उत्तम मिटलं होतं. मी तिला पेन पुढे केलं.

तिने ते घेतलं नाही.

"हे काय लिवलंय, सर?"

"अगं बाय, तुझी उडी धरली की. जिल्ह्याला जा आता. सही कर," शिवानंद सर म्हणाले.

"विशेष म्हंजे तुम्ही सोडली म्हणून झाली, असंच न्हवं? मी गेल्या वर्षी बी हीच उडी मारली हुती. विशेष काय बी न्हाई त्यात. ते खोडा आणि बरोबर म्हणून लिवा."

मी हळूच सांगून पाहिलं की शेरा कुणी वाचत नाही. ती म्हणाली, मग बदलायला काय हरकत. कान्हू गवतातल्या काकड्या वेचत होते, तेही थांबले. बाई पावसाकडे बघत राहिल्या. पाऊस तर थांबला होता.

शिवानंद सरांनी शेरा खोडला. शेजारी नवा लिहायला घेतला. कन्नडमध्ये 'बरोबर' हा शब्द दोनच अक्षरांचा आहे. त्यांना बराच वेळ लागला, आणि ती तेवढा वेळ ओल्या अंगाने उभी होती.